बाईंच्या दाराचा आकडा

बाईंच्या घरी दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीवर, एक पांढरी पेटी आहे. हाताच्या पंजापेक्षा थोडी मोठी. तिच्यावर फोनसारखी आकड्यांची बटणं आहेत. संध्याकाळी दार लावून चार आकडे दाबले की पेटी जागी होते. मग दार कुणीही उघडलं तरी ती टिक् टिक् करू लागते. तेवढ्या वेळात तेच चार आकडे पुन्हा दाबायचे. नाही दाबले तर छपराखालचा भोंगा असा ओरडतो की समोरच्या आंब्यावरचे कावळे उडून जातात. शिवाय ठाणे शहरात राहणाऱ्या बाईंच्या मुलाच्या, म्हणजे दादांच्या, फोनवरही कळतं.

पेटी बसवली त्या दिवसापासून मला तिचं नवल वाटत आलं आहे. ती माणूस ओळखत नाही. बाई या घरात इतकी वर्षं राहतात, पण पेटीला त्यांचा चेहरा माहीत नाही, आवाज माहीत नाही, चपलांचा आवाज माहीत नाही. तिला फक्त आकडा कळतो. माझ्या माहेरच्या पाड्यावर घराला कुडाची ताटी होती, कुलूप नव्हतं. राखणीला कुत्रा होता आणि त्याला सगळं कळायचं. दारू पिऊन आलेला मामासुद्धा त्याला अंधारात ओळखू यायचा.

बाई म्हणजे माझ्या शाळेच्या बाई. माझं माहेर सूर्यमाळच्या बाजूला. तिथल्या पाड्यावर एका खोलीची शाळा होती, चौथीपर्यंतची, आणि बाई एकट्याच शिकवायच्या. चौथीनंतर मी शाळेत गेले नाही. पुढची शाळा लांब होती. लग्न होऊन मी दाभोशाच्या बाजूला आले. बाई निवृत्त होऊन जव्हारला घर बांधून राहिल्या. त्यांचे यजमान वारल्यावर मी त्यांच्याकडे कामाला येऊ लागले. सकाळच्या जीपने येते आणि उन्हं उतरली की परतीची जीप धरते. रात्री बाई एकट्याच असतात.

मागच्या गल्लीतल्या एका बंद घरातून पितळेची भांडी आणि पाण्याची मोटर चोरीला गेली, तेव्हा दादांनी ही पेटी बसवायचं ठरवलं. नाशिकहून एक माणूस आला. पोट सुटलेला, सारखा पान खाणारा, पण हाताने सफाईदार. दारावर चुंबक बसवलं, वायरी ओढल्या, आणि मग म्हणाला, "बोला, कोड काय टाकू? एक, दोन, तीन, चार नको. गाडीचा नंबर नको. घरात कुणाची जन्मतारीख नको. चोर पहिलं तेच बघतो."

दादा म्हणाले, "आई, तूच सांग. तुला लक्षात राहायला हवा."

बाईंनी जरा विचार केला. "एक जून टाका. शून्य, एक, शून्य, सहा."

"एक जूनला काय आहे?" दादांनी विचारलं.

"काही नाही. म्हणून तर सांगते."

दादांनी घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस बोटांवर मोजले. सुनेचा नाही, नातवंडांचा नाही, बाईंचा तर श्रावणातला. "चालेल," म्हणाले. "कुणाला सुचणार नाही."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. माझ्या आधार कार्डावर जन्मतारीख एक जून आहे. माझ्या नवऱ्याच्या कार्डावर तीच आहे. सासूबाईंच्याही. पण चार माणसांत, त्यातून पाहुण्या माणसासमोर, माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. मी चहा दिला आणि आत गेले.

संध्याकाळी जीपमध्ये मात्र तोच विचार घोळत होता. पाय ठेवायला जागा नव्हती, मांडीवर कुणाची तरी भोपळ्याची पाटी. माझ्या शेजारी एक बाई रेशनच्या कार्डासाठी बोटं उमटवून आली होती आणि यंत्राने तिचं बोट घेतलं नाही म्हणून चिडली होती. तिची चीड बघून मला कसा कोण जाणे धीर आला. मी तिला हळूच विचारलं, "तुमच्या आधारवर जन्मतारीख काय आहे हो?"

"एक जून," ती म्हणाली. "का गं बाय?"

"माझीपण."

पुढून एक म्हातारा वळला. "माझीपण एक जून. माझ्या तिन्ही पोरांची एक जून."

"माझीपण!" मागच्या फळीवरून कुणीतरी ओरडलं.

ड्रायव्हर हसायला लागला. "अख्खी जीप एकाच दिवशी जन्माला आली की काय! एवढ्या सगळ्या बाळंतिणींना सुईण कुठून आणली?"

"तुझी कधी रं?" म्हाताऱ्याने त्याला विचारलं.

"माझी..." ड्रायव्हरने गिअर बदलला. "माझीपण तीच हाय."

सगळी जीप हसली. मीसुद्धा पदर तोंडाला लावून हसले. पण हसता हसता मला दिसलं की आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाला त्या पेटीपुढे उभं केलं आणि एक तारीख दाबायला सांगितलं, तर तो हीच दाबेल. ठाण्यात कुणाला सुचणार नाही अशी तारीख इथे सगळ्यांना आधी सुचणार होती.

दुसऱ्या दिवशी बाई अंगणात रांगोळी काढत होत्या तेव्हा मी सांगितलं. बाईंशी मी बोलू शकते. त्या आधी हसल्या, मग त्यांचा हात थांबला.

"अगं, मीच तर लिहिली तुमची. तुझी आई तुला घेऊन आली तेव्हा मी विचारलं, कधी झाली पोर? तर म्हणाली, नागली लावत होते तेव्हा. आता नागलीची लावणी कागदावर कशी लिहू? शाळेत घालायचं तर तारीख लागते. सगळ्या गुरुजींनी तेच केलं. जून उजाडला की शाळेची नवी पोरं, म्हणून एक जून." मग स्वतःशीच म्हणाल्या, "डोक्यात ती तारीख इतकी बसलीय की मला वाटलं, ती माझीच एकटीची आहे."

मी आत येऊन पेटी पुसायला घेतली, तर आणखी एक गोष्ट दिसली. सकाळी बाईंनी आकडे दाबून बघायला सांगितलं, तेव्हा मी भाजीला फोडणी टाकून तशाच हाताने दाबले होते. शून्यावर, एकवर आणि सहावर हळदीचे पिवळे ठसे उमटले होते. बाकीची बटणं पांढरी स्वच्छ. चोराला काही विचार करायचीही गरज नव्हती. तेव्हापासून मी पेटीला हात लावण्याआधी हात धुते आणि नंतर सगळी बटणं पुसते, दाबलेली आणि न दाबलेलीही.

बाईंनी दादांना फोन केला. दादांना ते पटलं, पण ते जरा वैतागले. "आता मीच देतो," म्हणाले. त्यांनी फोनकडून एक आकडा काढून घेतला. फोन म्हणे असे आकडे काढतो, ज्यांचा कुणाशीच संबंध नसतो. तो आकडा खरोखरच तसा होता. त्याला मागचं पुढचं काही नव्हतं. मला तो लक्षात राहिला तो मी दोन दिवस भांडी घासताना म्हणत होते म्हणून. बाईंना सकाळी पाठ व्हायचा आणि संध्याकाळी विसरायचा.

बाई हल्ली विसरतात. हे लिहायला नको वाटतं, पण तसं आहे. चष्मा कुठे ठेवला हे विसरतात, ते तर सगळेच विसरतात. पण जेवण झालं की नाही हेही एखाद्या वेळी विसरतात. दादांना हे अर्धंच माहीत होतं.

मग एका सकाळी मी जीपमधून उतरून गल्लीत शिरले तर भोंगा लांबूनच ऐकू आला. दारात शेजारची माणसं जमली होती. बाई पायरीवर बसल्या होत्या, हातात रांगोळीचा डबा. रांगोळी घालायला दार उघडलं आणि आकडाच आठवेना. भोंगा वाजू लागल्यावर तर आठवण्यासारखं डोकंच राहिलं नाही. शेजारचे काका कानांत बोटं घालून म्हणत होते, "वहिनी, हे चोरासाठी आहे की आमच्यासाठी?" मी आत जाऊन आकडे दाबले. शांतता झाली तेव्हा बाई सांडलेली रांगोळी डब्यात भरत होत्या.

दादांचा फोन लगेच आला. बाईंनी तो स्पीकरवर ठेवला होता म्हणून मला ऐकू आलं.

"आई, मला तुझी काळजी वाटते. चार आकडे लक्षात राहत नसतील तर गॅस कसा लक्षात राहील? तू ठाण्याला ये."

"मला इथे काही त्रास नाही."

"मी होळीला येतोय. तोपर्यंत पुन्हा एकदा जरी असं झालं ना, तर मी तुला घेऊनच जाईन. मग घर बंद."

बाईंनी फोन ठेवला. त्यांनी रांगोळीचा डबा झाकून ठेवला. मग मला म्हणाल्या, "त्याचं घर चांगलं आहे गं. सून चांगली आहे. पण तिथं दार उघडलं की समोर दुसरं दार असतं. मी रांगोळी कुठे घालू?"

त्या दिवसापासून मी आकड्यांकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. माणूस कुठला आकडा विसरत नाही? कामं करता करता मी हाच विचार करायचे. सासूबाईंना आपलं वय सांगता येत नाही, पण कुठल्या साली नदीला कुठपर्यंत पाणी आलं ते त्या दगड दाखवून सांगतात. नवऱ्याला स्वतःचा फोन नंबर पाठ नाही, तो माझ्याकडून घेतो. जीपवाल्याला सगळ्या जीपचे नंबर पाठ. बाजारात मी तांदूळ मोजून घेताना बघितलं, दुकानदार पहिल्या मापाला एक म्हणत नाही, "लाभ" म्हणतो, मग दोन, तीन. बाकी सगळ्या गप्पा चालू असतात पण माप चुकत नाही. म्हणजे आकडा एकटा राहत नाही, त्याला काहीतरी धरायला लागतं. धरायला हात असतो, नदी असते, नाहीतर एखादा शब्द असतो.

हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग माझ्या आकड्यांना काय धरायला देऊ? लग्नाची तारीख? ती तर पोराला माहीत, सुनेला माहीत, गल्लीला माहीत."

"जुना फोन नंबर?"

"तो आठवत असता तर काय हवं होतं!"

आम्ही दोघींनी बरेच आकडे काढले. घराचा नंबर दारावरच लिहिलेला. नोकरीला लागल्याचं साल बाई रोज वेगळं सांगायच्या. एकदा त्यांनी मोठ्या आनंदाने एक आकडा सांगितला, आणि तो पोस्टाचा पिनकोड निघाला. "पत्रावर सगळ्या जगाला दिसतो की बाई," मी म्हटलं. "आणि त्याचे आकडे सहा आहेत."

"तू आता फार बोलायला लागलीस," बाई म्हणाल्या. रागाने नाही.

दुपारी ऊन ओट्यावरून सरकलं की आम्ही तिथे बसतो. मी नागली पाखडत होते. बाई भिंतीला टेकून डोळे मिटून होत्या. मला वाटलं झोपल्या. तेवढ्यात त्या बोलू लागल्या, हळू, पण वर्गातला तो आवाज. एक. दोन. तीन. हजेरी घेत होत्या.

आमच्या शाळेत चारही इयत्तांची एकच हजेरी असायची. पहिलीत आलं की आकडा मिळायचा आणि तो चौथी संपेपर्यंत तोच. बाई म्हणायच्या, घराचा उंबरा काय दरवर्षी बदलतात? दिवाळी झाली की पाड्यावरची निम्मी घरं वीटभट्टीवर जायची, वसईकडे, भिवंडीकडे. पोरंही बरोबर जायची. खोली अर्धी रिकामी व्हायची. दुसऱ्या कुणी त्या पोरांचे आकडे गाळले असते. बाई गाळत नसत. रोज सगळे आकडे म्हणायच्या. गेलेल्या पोराचा आकडा आला की क्षणभर थांबायच्या आणि आम्ही राहिलेली पोरं सगळी मिळून ओरडायचो, "भट्टीवर!" आम्हाला त्याची फार गंमत वाटायची. एका वर्षी मीसुद्धा भट्टीवर होते. पावसाआधी परत आले तर पोरांनी सांगितलं, तुझ्या आकड्याला आम्ही रोज ओरडलो. मी नसताना माझी जागा रोज पुकारली जात होती, हे ऐकून मला कसं वाटलं होतं ते अजून नीट सांगता येत नाही.

ओट्यावर बाई मोजत होत्या आणि एका आकड्याला थांबल्या. डोळे मिटलेलेच. माझ्या बाजूला बसणाऱ्या मैत्रिणीचा आकडा होता तो. ती दरवर्षी जायची. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "भट्टीवर."

बाईंनी मान हलवली आणि पुढे गेल्या. पुढच्या रिकाम्या आकड्याला पुन्हा थांबल्या. मी पुन्हा म्हटलं. असं शेवटपर्यंत चाललं. एकही आकडा सुटला नाही. ज्या बाईंना सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, त्यांना कोण कोण गेलं होतं ते सगळं माहीत होतं.

मी सूप खाली ठेवलं. "बाई, हे आकडे कसे लक्षात राहिले?"

त्यांनी डोळे उघडले. "हजर असलेली पोरं समोर दिसायची, त्यांची काय आठवण ठेवायची? जी नव्हती त्यांचीच ठेवावी लागायची. भट्टीवरून परत आली नाहीत तर मी विचारणार कुणाला?" मग माझ्याकडे बघितलं. मी पेटीकडे बघत होते. त्यांनीही तिकडे बघितलं.

दोन पोरींचे हजेरीचे दोन-दोन आकडे शेजारी ठेवले की पेटीचे चार होतात. कुठल्या दोन, ते बाईंनीच ठरवलं. एक माझी मैत्रीण. दुसरी मी.

"तू तर आता समोर आहेस," बाई म्हणाल्या. "पण त्या वर्षी नव्हतीस."

आकडा इथे लिहिणार नाही.

दादांना फोन करून नवा कोड घालून घेतला. त्यांनी विचारलं, "कुणाची तारीख वगैरे नाही ना?" बाई म्हणाल्या, "नाही, ज्यांना तारीखच नव्हती त्यांचा आहे." दादांना ते कळलं नसावं.

पहिले काही दिवस मी जीपमधून उतरले की आधी कान द्यायचे. भोंगा नसायचा. रांगोळी घातलेली असायची. पण होळीला दादा आले तेव्हा त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांचंही चुकीचं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, पेटी लावली, दार ओढलं. मग म्हणाले, "आई, आता आत जा. मी काही सांगणार नाही. ताई, तुम्हीही सांगायचं नाही."

मी मान खाली घातली. बाईंनी दार उघडलं. टिक् टिक् सुरू झालं. त्या पेटीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचं बोट हवेतच थांबलं. पाठीवरून मला कळलं की आठवत नाही. दादा उंबऱ्यात, हाताची घडी घालून. टिक् टिक् जलद झालं. बोलायला तर मनाई होती, आणि मनाई नसती तरी दादांसमोर मला बोलता आलं असतं की नाही, देव जाणे.

बाई वळल्या. पेटीकडे पाठ करून त्यांनी खोलीकडे बघितलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पोरं बसली आहेत असं. आणि मोठ्याने माझ्या मैत्रिणीचं नाव पुकारलं. आकडा नाही, नाव. क्षणभर थांबल्या. मग वळून दोन बटणं दाबली. माझं नाव पुकारलं, आणि उरलेली दोन दाबली.

पेटी गप्प झाली.

"आई, कुणाला हाका मारतेस?" दादा म्हणाले.

"हजेरी घेतली," बाई म्हणाल्या. "चहा टाकायचा का?"

दादांनी हाताची घडी सोडली. मग मला म्हणाले, "ताई, हे रोज असंच करते का?" मी मान हलवून हो म्हटलं, जरी मला ते माहीत नव्हतं. ते म्हणाले, "ठीक आहे. पावसाळ्यापर्यंत बघू." बाईंना घेऊन जाण्यासाठी आणलेली मोठी बॅग गाडीत होती. ती त्यांनी उतरवली नाही, तशीच रिकामी परत नेली.

पावसाळा आल्यावर काय होईल ते मला माहीत नाही. एखाद्या दिवशी बाई नावंही विसरतील. पण सध्या मी पहिल्या जीपने येते, आणि दाराजवळ जाऊन थोडी थांबते. त्या खरंच रोज असं करतात का, हे मला बघायचं होतं. करतात. आधी कडी काढल्याचा आवाज येतो, दार बोटभर किलकिलं होतं, मग टिक् टिक्, मग बाई आतून नाव पुकारतात. रस्त्याने जाणाऱ्याला वाटेल, म्हातारी कुणाला तरी उठवतेय. नाव ऐकून कुणाला आकडा कळायचा नाही.

पहिलं नाव येतं. मैत्रीण यंदाही भिवंडीकडे आहे, आता तिच्या पोरांना घेऊन. मी दाराबाहेर हळूच म्हणते, "भट्टीवर."

मग माझं नाव येतं. मी म्हणते, "हजर, बाई." आणि त्या दार सताड उघडतात.